गहाण आणि सोडवणूक : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील ईश्वरी सत्तेचा विचार

१८५३ साली वऱ्हाड गहाण पडला. शाळेच्या इतिहासात हे इतक्या उघड शब्दांत सांगत नाहीत, पण व्यवहार तोच होता. हैदराबादच्या निजामाकडे कंटिंजंट फौजेच्या खर्चाची बाकी तुंबली होती. त्या बाकीपोटी त्याने वऱ्हाडचा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला. मालकी निजामाची, ताबा इंग्रजांचा. आमच्या धंद्यात याला ताबेगहाण म्हणतात. पुढे १९०२ साली, वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर, हा ताबा कायमचा झाला. तरी कागदोपत्री सार्वभौम निजामच राहिला. १९३६ च्या करारानंतर त्याच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताबही मिळाला. ज्या मुलुखात आपला एक शिपाई नाही त्या मुलुखाचा युवराज!

आमचे दुसरबीड याच मुलुखातले. सिंदखेडराजा, लखुजी जाधवरावांचे आणि जिजाऊंचे गाव, याच तालुक्यात. साखरखेर्डाही याच तालुक्यात. १७२४ साली निजामुल्मुल्काने तेथे मुबारिजखानाला ठार केले आणि दख्खनची सत्ता मिळवली. म्हणजे सत्ता जिंकली गेली ती जागा आणि सव्वाशे वर्षांनी गहाण टाकली गेली तो मुलूख, दोन्ही एस.टी.च्या एका फेरीत पाहून होतात. मालक एक आणि वहिवाट दुसऱ्याची, ही गोष्ट येथल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

ही प्रस्तावना एका वेगळ्याच विषयासाठी केली आहे. ख्रिस्ती धर्मविचारात ईश्वराच्या सार्वभौम सत्तेला मोठे स्थान आहे. जग त्याने निर्माण केले म्हणून त्याचे, आणि तारणही तोच करतो, दुसऱ्या कोणाच्या सामर्थ्याने नव्हे, हा त्या विचाराचा गाभा. आपल्याकडे हा विषय निघाला की दोन प्रतिक्रिया येतात. एक, हा परका विचार आहे. दुसरी, यात नवीन काय, आपल्याकडेही देव सर्वशक्तिमानच आहे. मला दोन्ही घाईच्या वाटतात. फादर स्टीफन्सपासून लक्ष्मीबाई टिळकांपर्यंत मराठीत जे ख्रिस्ती लेखन झाले, ते मी गेली पंचवीस-तीस वर्षे जमेल तसे वाचत आलो. त्या वाचनातून एक मत बनले. निर्मिती आणि तारण या दोन गोष्टी ज्या लेखकाने एकत्र धरून ठेवल्या त्याच्या हातून मराठीत काही घडले, आणि जेथे त्यांची फारकत झाली तेथे एक तर दंडेली उरली, नाही तर गोडवा.

मी ख्रिस्ती नाही. घरी पंढरीची वारी आहे. पदवीधरही नाही. पोटासाठी दस्तलेखकाचे काम केले. खरेदीखते, गहाणखते, हक्कसोडपत्रे लिहिण्यात उमेद गेली. जालन्याच्या एका रद्दीवाल्याकडे पुठ्ठा निघालेले जुने मराठी बायबल मिळाले, ते केवळ जाड आणि स्वस्त होते म्हणून घेतले. भाविक माणूस ते ‘उत्पत्ती’पासून वाचतो, विद्वान कदाचित शुभवर्तमानापासून. मी अडकलो ‘लेवीय’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात, कारण तेथे जमिनीचे व्यवहार निघाले.

त्या अध्यायातला कायदा असा. जमीन कायमची विकायची नाही. अडचणीत आलेल्या माणसाने विकलीच, तर त्याच्या जवळच्या नातलगाने पुढे होऊन ती सोडवावी. नातलग नसेल आणि त्याच्याच हाताला पुढे पैसा आला, तर मधल्या पिकांचा हिशेब करून त्याने स्वतः सोडवावी. तेही जमले नाही, तर पन्नासाव्या वर्षी ती आपोआप मूळ घराकडे परत जाईल. एवढे सगळे कशासाठी? तर जमीन देवाची आहे आणि तुम्ही तिच्यावर पाहुणे-परके म्हणून राहता, असे कारण तेथे दिलेले आहे. मी चमकलो. मालकीचा दावा पुढे करून सावकार जप्ती आणतो. येथे मालकीच्या दाव्यातून उलटा निष्कर्ष निघत होता : जमीन माझी आहे, म्हणून ती कोणालाही कायमची गिळता येणार नाही. इस्राएल लोकांना मिसराच्या गुलामीतून सोडवले त्याचा दाखलाही त्याच अध्यायात आहे. सोडवलेल्या माणसाला पुन्हा गुलाम म्हणून विकता येत नाही, कारण तो आधीच देवाचा आहे.

दस्तलेखकाची आणखी एक खोड सांगतो. कोणताही दस्त लिहिताना आधी मालकी कशी आली ते लिहावे लागते. वडिलोपार्जित, खरेदीने, बक्षिसाने, वाटणीने, काहीतरी. प्रत्येक हक्कामागे आधीचा हक्कदार असतो. ख्रिस्ती परंपरा म्हणते की देवाने जग शून्यातून निर्माण केले. याचा तात्त्विक अर्थ पंडितांनी सांगावा. मला त्याचा दस्तातला अर्थ कळतो : या मिळकतीला पूर्वहक्कदार नाही. इयोब आपल्या दुःखाचा जाब विचारतो तेव्हा त्याला मिळणारे उत्तरही असेच आहे. त्याच्या दुःखाचे कारण त्यात सांगितलेले नाही. पृथ्वीचा पाया, समुद्राला घातलेली हद्द, पहाटेची जागा, यांचीच मोजदाद आहे. मला तरी ते एका अफाट मिळकतीच्या चतुःसीमेसारखे वाटले. इयोबाचे समाधान झाले की नाही हा वाद जुना आहे. पण ज्याने हद्द घातली त्याच्याशी आपण बोलतो आहोत, एवढे त्याला कळले.

आता आपल्याकडचे. मेहकर आणि लोणार ही आमच्या शेजारची गावे लीळाचरित्रात येतात. चक्रधरस्वामींच्या पायाखालून गेलेला हा भाग. महानुभाव तत्त्वज्ञान जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ मानते, आणि चारही अनादि, स्वतंत्र. देवता कितीही मोठी असली तरी मोक्ष देऊ शकत नाही, उद्धार करण्याचे सामर्थ्य एका परमेश्वराचेच, हा त्या मताचा कणा आहे. तारणाच्या बाबतीतली ईश्वराची एकाधिकारशाही, असे आजच्या भाषेत म्हणू या, तेराव्या शतकातच मराठीत स्पष्टपणे मांडली गेली होती. तेव्हा ‘परका विचार’ हा आक्षेप निकालात निघतो. पण ‘यात नवीन काय’ हाही टिकत नाही. महानुभावांचा परमेश्वर ज्या जीवाला सोडवतो तो जीव अनादि आहे, परमेश्वराने निर्माण केलेला नाही. दुसऱ्याचे शेत गहाण पडलेले पाहून कोणी दयेने पैसे भरावेत, तसा तो उद्धार आहे. त्यात दया निखळ दिसते. ख्रिस्ती विचारातला देव आपलेच गेलेले परत मिळवतो. त्यात दयेबरोबर हक्क येतो, आणि हक्काबरोबर एक जबाबदारीही, कारण आपले शेत गहाण पडले तर दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही. दोहोंत श्रेष्ठ कोणते हे ठरवण्यात मला रस नाही. पण हा फरक लक्षात न घेता क्रिस्तपुराण वाचले तर ते फक्त ‘ओवीत लिहिलेले बायबल’ वाटते.

दुर्दैवाने आपण ते तितकेही वाचत नाही. फादर स्टीफन्सचे नाव काढले की मराठी भाषेची फुले, सुगंध, रत्ने यांच्याशी तुलना करणाऱ्या चार-पाच ओव्या म्हणून दाखवायच्या आणि मराठी भाषा दिनाचे भाषण संपवायचे, अशी रीत पडली आहे. इंग्लंडात जन्मलेला आणि १५७९ साली गोव्यात उतरलेला हा जेझुइट मराठीवर लुब्ध होता, यात शंका नाही. पण सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ कोणी भाषेचे कौतुक करण्यासाठी लिहीत नाही. १६१६ साली तो रायतूरला रोमन लिपीत छापला गेला. १६४९ आणि १६५४ ला पुन्हा छापला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून तो रोमन लिपीत पुन्हा काढला, आणि आपल्या हाती देवनागरीत यायला १९५६ साल उजाडले, ते शांताराम बंडेलू यांच्यामुळे.

ग्रंथाची बांधणी पाहा. त्याचे पोर्तुगीज शीर्षक सांगते की हे आपल्या तारणाऱ्या येशू ख्रिस्ताच्या जगात येण्याविषयीचे कथन आहे, दोन भागांत. शीर्षकात फक्त येणे आहे. पण पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वर येणाऱ्याच्या आधीच्या जगाला दिले आहेत : सृष्टीची निर्मिती, देवदूतांचे बंड, आदाम-एवेचे पतन, मग एकामागून एक संदेष्टे. ख्रिस्ताचे चरित्र दुसऱ्या पुराणात, एकोणसाठ अवस्वरांत. नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या जुन्या पुराणांच्या जागी वाचायला काही हवे होते, म्हणून हा ग्रंथ झाला हे खरे आहे. पण केवळ करमणूक भरून काढायची असती तर ख्रिस्तजन्मापासून सुरुवात करून चालले असते. चमत्कार, छळ, मरण, पुनरुत्थान, पुराणाला लागणारे सगळे तेथे होतेच. स्टीफन्सने आधी मालकी लिहिली, मग व्यवहार. चांगला दस्तलेखक असेच करतो.

त्याच्या शब्दांची निवडही पाहण्यासारखी आहे. स्वर्गासाठी तो ‘वैकुंठ’ म्हणतो. ऐकणाऱ्याच्या मनातले उंचातले उंच घर त्याने देवाच्या नावावर करून टाकले. सैतानासाठी ‘देवचार’ म्हणतो. कोकण-गोव्यात देवचार म्हणजे केवळ भूत नव्हे. तो जागेचा राखणदार असतो, हद्दीत फिरतो, त्याचे त्याला द्यावे लागते. म्हणजे वहिवाटदार. वैकुंठ मालकाकडे आणि शिवारात मात्र देवचाराचा अंमल, हे चित्र साष्टीतल्या कुणब्याला लगेच कळले असणार. मालक एक आणि ताबा दुसऱ्याचा. दुसरे पुराण हा ताबा सुटण्याची कथा आहे.

येथवर मी स्टीफन्सच्या बाजूने बोललो. पण टीका करायची तर ग्रंथाच्या बाहेरही पाहावे लागते. साष्टीतली देवळे १५६७ साली पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले. त्याच्या सूडापोटी गावकऱ्यांच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले, आणि पुढे त्या गावांच्या जमिनी काढून घेऊन एका पोर्तुगीज सरदाराला देण्यात आल्या. स्टीफन्स तेव्हा साष्टीतच होता. त्याने आयुष्याची चाळीस वर्षे त्या भूमीत घालवली. ज्या देवाच्या मालकीमुळे कोणाची जमीन कायमची जाऊ नये असे लेवीयात लिहिले आहे, त्याच देवाच्या नावाने गावेच्या गावे जप्त झाली. देवाची सत्ता आणि राजाची सत्ता एकमेकींत मिसळली की निर्मात्याचा हक्क राजाच्या मुनिमाकडे जातो. क्रिस्तपुराण हे मोठे काव्य आहे असे मी मानतो. पण ते पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे मोकळा झालेला देवळाचा चौथरा होता, हे विसरून ते वाचता येत नाही. तारण सांगणारा स्वतः कब्जेदाराच्या गलबतातून उतरला होता.

आता एका शब्दाकडे वळतो, कारण सगळा विषय त्यात गोळा झाला आहे. आपण पुष्कळांसाठी आपला जीव देण्यास आलो, असे ख्रिस्त म्हणतो. त्या जागी मराठी बायबलमध्ये ‘खंडणी’ हा शब्द आला आहे. आज तो वर्तमानपत्रात गुंडांच्या बातमीत भेटतो. जुन्या मराठीत मात्र तो राज्यकारभाराचा शब्द होता. कमजोर सत्तेने बलाढ्य सत्तेला द्यायची रक्कम म्हणजे खंडणी. चौथाई, सरदेशमुखी, खंडणी हे शब्द अठराव्या शतकातल्या मराठी पत्रांत पानोपानी आहेत. खंडणी नेहमी खालून वर जाते. सार्वभौम घेतो, मांडलिक देतो. आणि येथे सार्वभौमच खंडणी देतो आहे, तीही पैशाने नव्हे, स्वतःच्या जिवाने. भाषांतरकारांच्या मनात हा विरोध होता की नाही मला ठाऊक नाही. मूळ ग्रीक शब्द गुलाम किंवा कैदी सोडवण्याच्या मोबदल्याचा आहे. पण मराठीने त्यात स्वतःचा इतिहास घातला, आणि अर्थ मुळापेक्षा धारदार झाला.

मग खंडणी दिली कोणाला? हा प्रश्न केवळ मराठी वाचकाचा नाही. तिसऱ्या-चौथ्या शतकांत ओरिजेन, निस्साचा ग्रेगरी यांच्यासारख्या आचार्यांनी उत्तर दिले की सैतानाला, कारण माणूस त्याच्या ताब्यात होता. अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्मने हे झिडकारले. चोराचा ताबा हा हक्क नव्हे, त्याला मोबदला कसला? त्याच्या मते माणसाने देवाच्या मानाचे जे देणे बुडवले ते माणसाच्या वतीने फेडले गेले. दोन्ही बाजू मला ओळखीच्या वाटतात. पहिली म्हणते, बेकायदा असला तरी कब्जा कब्जाच, त्याला काही देऊन उठवावे लागते. दुसरी म्हणते, अतिक्रमण करणाऱ्याला दमडी नाही. तहसीलबाहेरच्या लिंबाखाली हा वाद रोज चालतो. सार्वभौम सत्तेचा अर्थ काय, हेच यात पणाला लागले आहे. सैतानाला खंडणी दिली म्हटले तर देव मांडलिक ठरतो. नाही म्हटले तर मग मरण कशासाठी, हा प्रश्न उरतो. मला दुसरी बाजू पटते. पण पहिलीत दुःखाची जाण जास्त आहे, हेही कबूल करतो.

एकोणिसाव्या शतकात हा विचार आमच्या अंगणात आला. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्याच वाटेवर होता. तो वडिलांचा की मिशनचा, असा खटला झाला, न्यायालयाने तो वडिलांच्या हवाली केला, आणि त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी केलेली खटपट गाजली. आपल्याकडे या प्रकरणाची चर्चा सुधारणा आणि सनातन यांच्या चौकटीत होते. मला त्यात ‘हे पोर कोणाचे’ हा प्रश्न ऐकू येतो. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ निजामाच्या मुलुखात जागा मिळवून बेथेल हे गाव वसवले. तेथे वस्तीला आलेल्यांत मांग समाजाची माणसे मोठ्या संख्येने होती. बेथेल म्हणजे देवाचे घर. गावकुसाबाहेर, दुसऱ्याच्या वतनाच्या चाकरीत पिढ्या गेलेल्या माणसाला देवाच्या घरात जागा, हा केवळ उपमेचा विषय नव्हता.

ज्या स्कॉटिश मिशनमधून शेषाद्री आले ते कॅल्व्हिनच्या परंपरेचे. ईश्वरी सत्तेवर तिच्याइतका भर कोणीच दिला नाही. तारण कोणाला लाभणार हेही देवाने आधीच ठरवले आहे, असे ती सांगते. मराठी कानाला हे लगेच ओळखीचे वाटते, आणि तेथेच घोटाळा होतो. आपण म्हणतो, हे तर प्रारब्ध, सटवीने कपाळी लिहिलेले. पण प्रारब्ध हे आपलेच जुने खाते असते. आपण केले, आपण भोगतो, मधे कोणाची मर्जी नाही. ख्रिस्ती विचारातला ईश्वरी संकल्प हे दुसऱ्याचे मन आहे. एका ठिकाणी हिशेब चुकत नाही म्हणून धीर, दुसऱ्या ठिकाणी हिशेबच बाजूला ठेवला जातो म्हणून धीर. मिशनऱ्यांच्या प्रश्नोत्तरी छापाच्या पुस्तकांत हा भेद फार कोरडेपणाने येतो. वाचणाऱ्याला वाटावे की एका नशिबाच्या जागी दुसरे नशीब आले.

तो जिवंत होतो पंडिता रमाबाईंपाशी. त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात, तीर्थयात्रेच्या वाटेवर गेली. मागून भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेला. ज्या बाईने एवढे पाहिले तिच्या तोंडी ‘देवाची सत्ता’ हा शब्द सोपा नसतो. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांची ज्यांनी त्यांना ख्रिस्ती केले त्या जोगिणींशीच जुंपली. चर्चचा अधिकार मुकाट्याने मान, असा आग्रह झाला तेव्हा रमाबाईंनी साफ नकार दिला. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले ते दुसऱ्याचे मानेवर घ्यायला नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. सार्वभौम एकच असेल तर मधल्या मुनिमाचा अधिकार किती, हे त्यांनी नेमके हेरले. गोव्यात जे तत्त्व राजाच्या कामी आले तेच केडगावात एका विधवेच्या कामी आले.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणल्या आणि केडगावचे ‘मुक्ती’ उभे राहिले. या शब्दाकडे लक्ष द्यावे. मुक्ती म्हणजे आपल्याकडे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. रमाबाईंची मुक्ती पत्रावळीपासून, चरख्यापासून, छापखान्यापासून सुरू होते. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते आश्रमातल्या बायकांनीच जुळवून छापले. अवघड संस्कृत आणि जुन्या धर्मकल्पनांचा वास असलेले शब्द शक्य तितके टाळायचे, साध्या बाईला कळेल असे लिहायचे, हा त्यांचा दंडक. वाङ्मय म्हणून ते भाषांतर ठिकठिकाणी खडबडीत आहे. स्टीफन्सने वैकुंठ घेतले, रमाबाईंनी असे शब्द नाकारले. दोघांचे म्हणणे एकच होते की मालक बदललेला नाही. फक्त स्टीफन्सला वाटले जुन्या घरावर खऱ्या मालकाची पाटी लावावी, आणि ज्या घरात आपण जन्मलो, कोंडले गेलो, त्याची वीटही रमाबाईंना नको होती. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली. त्या स्वतः ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, भाषांतर हातावेगळे करून.

टिळकांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली केले, तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला दोघांनाही जागा होती. दरबार हा राजाचा शब्द, पण टिळकांच्या दरबारात सिंहासनापेक्षा सतरंजीच जास्त दिसते. त्यांचे अभंग मला आवडतात. तरी त्यांतला देव इतका जवळचा आहे की तो निर्माता आहे हे विसरायला होते. मराठी समीक्षेने त्यांना चटकन आपले म्हटले त्याचे हेही कारण असावे. माउलीपुढे प्रश्न विचारावा लागत नाही. इयोबाला त्या अभंगांत कुठे बसवायचे ते मला कळत नाही. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी साठावर अध्याय लिहून पुरे केले.

आणि माझ्या मते या विषयावरचा मराठीतला सर्वांत मोलाचा मजकूर ‘ख्रिस्तायना’त नाहीच. तो लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ही सोवळ्यातली बाई दुःखाने वेडीपिशी झाली होती. पुढे पतीपाशी आल्यावरही तिचे पाणी, तिची चूल वेगळी. मग एका प्रवासात तिच्या मनात विचार येतो : देवाने जनावरांच्या जाती केल्या त्या दिसायलाच वेगळ्या आहेत. माणसांत त्याने पुरुष आणि बाई एवढेच केले. मग या बाकीच्या जाती केल्या कोणी? देवाने केलेल्या नाहीत, तर त्या माणसाच्या. झाले. घरी आल्यावर तिचे सोवळे गळून पडते. अजून तिचा बाप्तिस्मा व्हायचा होता, तो १९०० साली झाला. तारणाची शिकवण पुढची. आधी काम केले ते निर्मितीने. कोणा पाद्र्याने शिकवलेला सिद्धांत नव्हे, हेलकावे खात चाललेल्या वाहनात एका अल्पशिक्षित बाईने चतुःसीमा तपासल्या आणि तिला आढळले की दस्तात नंतर कोणीतरी ओळी घुसडल्या आहेत. स्टीफन्सने छत्तीस अवस्वरांत जे उभारले ते तिने एका परिच्छेदात केले, आणि शेजारी कोणाची तलवार नव्हती.

लेवीयातला सोडवणुकीचा कायदा प्रत्यक्ष चालताना दिसतो तो रूथच्या गोष्टीत. नामी दुष्काळात परमुलखात गेली, तेथे नवरा-मुलगे गमावून परत आली, शेत हातचे जाण्याच्या बेतात. सोडवण्याचा पहिला हक्क एका जवळच्या नातलगाचा होता. गावाच्या वेशीत पंच बसले. तो आधी ‘सोडवतो’ म्हणाला, पण बरोबर परकी विधवा रूथही पदरी घ्यावी लागेल आणि तिच्या मुलाच्या नावावर शेत जाईल हे कळल्यावर त्याने माघार घेतली. आपले वतन बिघडेल म्हणाला. पायातला जोडा काढून दिला, म्हणजे हक्क सोडला. मग बवाजाने ते शेत सोडवले. सोडणाऱ्याचे नाव त्या पुस्तकात नाही, मूळ हिब्रूत त्याला ‘अमुकतमुक’ अशा अर्थाच्या शब्दांनी हाक मारली आहे.

आमचे दोन एकर १९७२ च्या दुष्काळात गहाण पडले होते, ताबेगहाण. सख्ख्या नात्यातले होते ते बैठकीला आले, चहा पिऊन गेले. सोडवले वडिलांच्या एका चुलतभावाने, बैलजोडी विकून. त्याने ना कागद केला ना पैसे मागितले. ‘आपलं होतं, आपल्यात आलं,’ एवढेच म्हणाला. पुढे मी दस्तलेखक झालो तेव्हा एक दिवस त्या गटाचा जुना सातबारा काढला. इतर हक्कांच्या रकान्यात सावकाराचे नाव आहे, त्यावर आडवी रेघ आहे, आणि बाजूला फेरफाराचा आकडा. काकांचे नाव कुठेच नाही.